गूढलेखनविद्येचे तीन धनी

एखादी विद्या कोणाच्या मालकीची असूं शकते काय, हा प्रश्न आपल्या समाजास नवा नाहीं. गुरूनें शिष्याची परीक्षा पाहून मगच मंत्र द्यावा, वैद्यानें आपली मात्रा मुलावांचून इतरांस सांगूं नये, कारागिरानें आपल्या हातोटीचें मर्म घराबाहेर जाऊं देऊं नये, हे प्रघात आपणांस परिचित आहेत. आणि या प्रघातांमुळें कित्येक विद्या आपल्या धन्यांबरोबरच चितेवर गेल्या, हेंहि आपण जाणतों. परंतु विसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत अमेरिकेंत या जुन्या प्रश्नावर एक असा झगडा झाला कीं, त्याचा निकाल आज आपल्या प्रत्येकाच्या खिशांतील मोबाइलपर्यंत येऊन पोंचला आहे. त्या झगड्याचा विषय होता गूढलेखनाची एक नवी रीति. आणि त्या रीतीवर एकाच काळीं तिघांनीं हक्क सांगितला. सरकार म्हणालें, ही युद्धसामग्री आहे, म्हणून ती आमच्या ताब्यांतली. एक कंपनी म्हणाली, हिचें पेटंट आमच्याकडे आहे, म्हणून ती आमची. आणि संगणकावर काम करणारीं सामान्य माणसें म्हणालीं, हें गणित आहे, म्हणून तें कोणाचेंच नाहीं, म्हणजेच सर्वांचें आहे. या तीन दाव्यांचा इतिहास येथें सांगावयाचा आहे.

गूढलेखनाची कला पुरातन आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ या नांवानें ती आलेली आहे, आणि अक्षरांची ठराविक अदलाबदल करून मजकूर तिऱ्हाइतास कळूं न देणें, असा तिचा अर्थ टीकाकारांनीं केला आहे. रोमचा सीझर आपल्या गुप्त पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजीं त्याच्या पुढचें तिसरें अक्षर लिहीत असे. दोन हजार वर्षांत या कलेनें किती तरी रूपें घेतलीं. पण त्या सर्वांत एक उणीव कायम होती. लिहिणाऱ्यानें ज्या किल्लीनें मजकूर बंद केला, तीच किल्ली वाचणाऱ्याजवळ असावी लागे, आणि ती त्याच्याकडे आधींच गुप्तपणें पोंचवावी लागे. म्हणजे मूळची अडचण नाहींशी न होतां केवळ एक पायरी मागें सरे. शिवाय शंभर व्यापाऱ्यांस एकमेकांशीं खाजगी पत्रव्यवहार करावयाचा असेल, तर प्रत्येक जोडीस एक याप्रमाणें ४,९५० किल्ल्या लागतील. व्यापारी हजार झाले, तर ४,९९,५०० लागतील! त्यामुळें ही विद्या दरबार, वकिलाती आणि सेनापति यांच्यापुरतीच राहिली. ज्यांच्या पदरीं विश्वासू जासूद, त्यांनाच गुपित राखण्याचें सामर्थ्य, असा तो काळ होता.

ही अडचण १९७६ सालीं दूर झाली. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनीं एक निबंध प्रसिद्ध करून असें दाखविलें कीं, बंद करण्याची किल्ली व उघडण्याची किल्ली या एकच असण्याचें कारण नाहीं. रस्त्यावरील टपालपेटीची उपमा घेतली म्हणजे ही कल्पना सहज ध्यानांत येते. पेटींत पत्र कोणीहि टाकावें. त्यासाठीं कोणाची परवानगी नको, किल्लीहि नको. पण पेटी उघडून पत्रें काढणें हें ज्याच्याजवळ किल्ली आहे, त्या एकट्यालाच शक्य. प्रत्येक मनुष्यानें अशी एक पेटी चव्हाट्यावर ठेवली आणि तिची किल्ली स्वतःच्या कनवटीला लावली, तर कोणाहि अनोळखी माणसास त्याला गुप्त पत्र धाडतां येईल, आणि आधीं किल्ली पोंचविण्याची यातायात उरणार नाहीं. बर्कले येथें शिकणाऱ्या राल्फ मर्कल या तरुणासहि याच दिशेची कल्पना स्वतंत्रपणें सुचली होती.

कल्पना मांडली गेली, तरी अशी पेटी प्रत्यक्षांत घडविणारें गणित हवें होतें. तें १९७७ सालीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंतील रॉन रिव्हेस्ट, अदी शमीर व लेनर्ड एडलमन या तिघांनीं शोधून काढलें. त्यांच्या आडनांवांच्या आद्याक्षरांवरून त्या पद्धतीस ‘आर्.एस्.ए.’ हें नांव पडलें. तिचें मर्म शाळेंतल्या मुलासहि कळण्यासारखें आहे. ५३ आणि ६१ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार करा, असें सांगितलें तर तो मुलगा क्षणांत ३,२३३ हें उत्तर देईल. पण ३,२३३ ही संख्या पुढें ठेवून ‘ही कोणत्या दोन संख्यांच्या गुणाकारानें झाली?’ असें विचारलें, तर त्यास बराच वेळ डोकें खाजवावें लागेल. संख्या शेंकडों अंकांची असेल, तर आजचे मोठमोठे संगणकहि थकतात. गुणाकार सोपा, अवयव पाडणें अवघड; या एका विषमतेवर ते नवें कुलूप उभें राहिलें. ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकाच्या ऑगस्ट १९७७ च्या अंकांत मार्टिन गार्डनर यांनीं आपल्या गणितविषयक सदरांत या शोधाची हकीकत दिली, आणि १२९ अंकांची एक संख्या छापून तिच्या साह्यानें लिहिलेला संदेश उलगडणारास १०० डॉलरांचें बक्षीस जाहीर केलें. ज्यांना मूळ निबंध पाहिजे असेल, त्यांनीं तिकीट लावलेलें पाकीट पाठवावें, असेंहि सांगितलें. जगभरांतून हजारों पाकिटें येऊन पडलीं. राजदरबारची विद्या अशा रीतीनें टपालानें घरोघर जाण्यास निघाली.

आणि येथेंच पहिला दावेदार जागा झाला. अमेरिकेंतील ‘नॅशनल सिक्युरिटी एजन्सी’ हें खातें १९५२ सालीं स्थापन झालें होतें. परराष्ट्रांचे गुप्त संदेश हेरणें व स्वराष्ट्राचे सुरक्षित ठेवणें हें त्याचें काम. १९७७ च्या जुलैमध्यें त्या खात्यांतील एका नोकरानें खाजगी नात्यानें विद्युत्-अभियंत्यांच्या संस्थेस पत्र लिहून बजावलें कीं, गूढलेखनावरील निबंध परदेशांत जाऊं देणें हा शस्त्रास्त्रांच्या निर्यातीसंबंधींच्या कायद्याचा भंग ठरेल. या पत्रानें विद्यापीठें गांगरलीं. पाकिटांतून निबंध पाठविण्याचें काम कांहीं काळ थांबलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कॉर्नेल विद्यापीठांत भरलेल्या परिषदेंत हेलमन यांच्या विद्यार्थ्यांनीं आपले निबंध वाचावयाचे होते; परंतु खटला झालाच तर तरुणांचें आयुष्य धोक्यांत येऊं नये, अशा वकिलांच्या सल्ल्यावरून स्वतः हेलमन यांनींच ते वाचले, व विद्यार्थी बाजूस उभे राहिले. गणितावर बोलण्यापूर्वीं वकिलाचा सल्ला घ्यावा लागला, हा प्रसंग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

सरकारची भीति अगदींच पोकळ होती, असें मात्र कोणी समजूं नये. दुसऱ्या महायुद्धांत जर्मनांचें ‘एनिग्मा’ यंत्र उलगडल्यामुळें दोस्त राष्ट्रांस केवढा लाभ झाला, हें त्या खात्याच्या लोकांस पुरतें ठाऊक होतें. आणि ती किल्ली शत्रूसहि मिळाली तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न होता. परंतु विद्या झांकून ठेवल्यानें ती खरोखर झांकली राहते काय, याचें उत्तर इंग्लंडनेंच देऊन ठेवलें होतें. ब्रिटिश सरकारच्या चेल्टनहॅम येथील हेरखात्यांत जेम्स एलिस यांना १९७० सालींच दोन किल्ल्यांची ही कल्पना सुचली होती. १९७३ सालीं क्लिफर्ड कॉक्स या तरुण गणितज्ञानें तिला तेंच गणित जोडून दिलें, जें पुढें आर्.एस्.ए. म्हणून प्रसिद्ध झालें. आणि १९७४ सालीं माल्कम विल्यम्सन यांनीं डिफी-हेलमन यांच्या रीतीसारखी रीति काढली. हे सारे कागद कपाटांत बंद झाले. चार वर्षांच्या आंत समुद्रापलीकडे तेंच ज्ञान पुन्हां जन्मास आलें. शेवटीं १९९७ च्या डिसेंबरांत ब्रिटिश सरकारनें खरी हकीकत सांगितली. पण त्याच्या थोडेच दिवस आधीं, नोव्हेंबरच्या अखेरीस, एलिस हे जग सोडून गेले होते. ‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ असें आपण म्हणतों खरें. पण कोंबडें झांकल्यानें तांबडें फुटावयाचें राहत नाहीं, हेंहि आपलेंच म्हणणें आहे, आणि या प्रकरणीं तें दुसरें अधिक खरें ठरलें.

आतां दुसऱ्या दावेदाराकडे वळूं. पेटंट म्हणजे सरकार आणि संशोधक यांच्यामधील एक करार होय. संशोधकानें आपला शोध सर्व तपशिलासह जाहीर करावा, आणि त्याबद्दल सरकारनें त्यास ठराविक वर्षें त्या शोधाचा एकाधिकार द्यावा. मुदत संपल्यावर शोध सर्वांचा. विद्या चितेवर जाऊं नये, यासाठीं काढलेली ही युक्ति आहे, आणि यंत्रें व औषधें यांच्या बाबतींत तिनें कामहि पुष्कळ केलें आहे. पण निसर्गाचे नियम आणि गणिताचीं सूत्रें यांस पेटंट मिळत नाहीं, हा तिचा जुना दंडक. मग संगणकाची आज्ञावली, जिला सॉफ्टवेअर म्हणतात, ती यंत्र कीं गणित? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७२ सालीं बेन्सन खटल्यांत अंकांचें रूपांतर करण्याच्या एका रीतीस पेटंट नाकारलें, कारण तसें पेटंट म्हणजे सूत्राचेंच पेटंट झालें असतें. पण १९८१ सालीं डीर खटल्यांत त्याच न्यायालयानें रबर पक्कें करण्याच्या एका कृतीस, तींत संगणकाचें गणित असूनहि, पेटंट मिळूं शकेल असें ठरविलें. या दोन निकालांमधील फटींतून पुढें आज्ञावल्यांचीं पेटंटें हजारोंनीं आंत शिरलीं.

आर्.एस्.ए. पद्धतीच्या पेटंटासाठीं मॅसॅच्युसेट्सच्या त्या संस्थेनें १४ डिसेंबर १९७७ रोजीं अर्ज केला, आणि २० सप्टेंबर १९८३ रोजीं तें मंजूर झालें. मुदत सतरा वर्षें. तत्पूर्वीं १९८२ सालीं त्या तिघां गणितज्ञांनीं एक कंपनी काढली होती, व पेटंटाचे हक्क तिलाच मिळाले. येथें एक गमतीची गोष्ट घडली. अमेरिकेच्या कायद्यांत शोध प्रसिद्ध झाल्यावरहि एक वर्षापर्यंत अर्ज करतां येत असे. इतर बहुतेक देशांत आधीं प्रसिद्धि झाली कीं हक्क गेला. गार्डनर यांच्या लेखानें ती प्रसिद्धि आधींच झाली असल्यामुळें हें पेटंट अमेरिकेच्या सीमेपलीकडे कोठेंच लागूं झालें नाहीं. परिणाम असा झाला कीं, लंडन किंवा मुंबई येथील मनुष्य तें गणित फुकट वापरूं शकत होता, आणि जेथें त्याचा शोध लागला, त्या देशांतील मनुष्यास मात्र घरांत वापरावयाचें तर कंपनीचा परवाना, आणि घराबाहेर न्यावयाचें तर सरकारचा परवाना, असे दोन उंबरठे ओलांडावे लागत.

कंपनीस न्याय द्यावयाचा तर हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तिनें त्या विद्येचा प्रसार केला, मोठमोठ्या उद्योगांस ती वापरावयास शिकविली, आणि पुढें सरकारच्या जांचक धोरणाविरुद्ध ती उघडपणें लढलीहि. पण परवाना घेऊन वापरणें हें उद्योगांस साधतें. शेजारच्या गांवीं असलेल्या मित्रास दोन ओळी गुप्तपणें कळवूं इच्छिणाऱ्या माणसास तें साधत नाहीं. सरकारला भय होतें शत्रूचें, कंपनीला काळजी होती नफ्याची. या सामान्य माणसाचा विचार दोघांच्याहि हिशेबांत नव्हता.

तो विचार कोलोरॅडो संस्थानांत राहणाऱ्या फिलिप झिमरमन नांवाच्या एका संगणकतज्ञानें केला. अण्वस्त्रविरोधी चळवळींत भाग घेतलेला हा गृहस्थ होता. १९९१ सालीं अमेरिकेच्या सेनेटपुढें एका विधेयकांत असें कलम आलें कीं, संदेशवहनाची साधनें पुरविणारांनीं सरकारला संदेशांचा साधा मजकूर मिळवितां येईल, अशी व्यवस्था ठेवावी. हें कलम पुढें बारगळलें. पण तें येत आहे असें दिसतांच झिमरमन यांनीं हातीं असलेलें काम पुरें करण्याची घाई केली. घराच्या कर्जाचे हप्ते थकले, तरी ते लिहीत राहिले. जून १९९१ मध्यें त्यांनीं ‘प्रीटी गुड प्रायव्हसी’, म्हणजे पी.जी.पी., नांवाची आज्ञावली मित्रांमार्फत फुकट वाटून टाकली. इंटरनेटवरून जाणारें साधें ई-मेल म्हणजे उघडें पोस्टकार्ड; वाटेंतल्या कोणीहि वाचावें. पी.जी.पी. नें त्या पोस्टकार्डास पाकीट दिलें. आपली सर्व पत्रें आपण पाकिटांत घालून पाठवितों, तीं कांहीं कटकारस्थानासाठीं नव्हे; सभ्य माणसाचा तो रिवाजच आहे. विजेच्या टपालासहि तोच रिवाज लागूं असावा, एवढेंच या गृहस्थाचें म्हणणें होतें.

कंपनीनें तक्रार केली कीं, आमच्या पेटंटाचें उल्लंघन झालें. तें भांडण १९९४ सालीं त्या मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेच्या मध्यस्थीनें मिटलें, व अमेरिकेंतील बिनव्यापारी उपयोगासाठीं एक सनदशीर आवृत्ति निघाली. सरकारचें प्रकरण अधिक गंभीर होतें. पी.जी.पी. देशाबाहेर गेली, म्हणजे शस्त्राची निर्यात झाली, या आरोपासंबंधीं १९९३ पासून झिमरमन यांची फौजदारी चौकशी सुरू झाली. कायद्याच्या यादींत गूढलेखनाची आज्ञावली तोफा व क्षेपणास्त्रें यांच्या पंक्तीला बसविलेली होती.

या यादीचा विनोद पुढें हळूहळू उघड होत गेला. ब्रूस श्नायर यांचें गूढलेखनशास्त्रावरील एक गाजलेलें पुस्तक होतें, आणि त्यांत आज्ञावल्या अक्षरशः छापलेल्या होत्या. फिलिप कार्न या अभियंत्यानें १९९४ सालीं सरकारास विचारलें, हें पुस्तक परदेशीं पाठवूं काय? उत्तर आलें, अवश्य पाठवा. मग त्यानें विचारलें, त्याच पुस्तकांतल्या त्याच आज्ञावल्या तबकडीवर उतरून पाठवूं काय? उत्तर आलें, नाहीं. तें शस्त्र होय! कागदावर जें ज्ञान, तेंच तबकडीवर युद्धसामग्री. हा धागा धरून मॅसॅच्युसेट्सच्या संस्थेच्या छापखान्यानें १९९५ सालीं पी.जी.पी. ची संपूर्ण आज्ञावली एका जाड पुस्तकाच्या रूपानें छापून काढली. १९९७ मध्यें तर पुढच्या आवृत्तीचीं सहा हजारांहून अधिक छापील पानें राजरोस परदेशीं गेलीं, आणि नॉर्वेंतील स्वयंसेवकांनीं पानन् पान यंत्रानें वाचून ती आज्ञावली पुन्हां सजीव केली. ग्रंथस्वातंत्र्यावर हात टाकण्याचें धैर्य कोणत्याहि अमेरिकन अधिकाऱ्यास नव्हतें. तत्पूर्वींच, जानेवारी १९९६ मध्यें, झिमरमन यांच्यावरील चौकशी खटला न भरतां सोडून देण्यांत आली होती.

परंतु विनोदानें कायदा बदलत नाहीं. त्याला न्यायालयाची पायरी चढावी लागते. ती डॅनियल बर्नस्टीन या बर्कलेच्या विद्यार्थ्यानें चढली. त्यानें गूढलेखनाची एक रीति रचली होती, आणि ती प्रसिद्ध करावयाची तर शस्त्रविक्रेत्याप्रमाणें परवाना काढावा, असें त्यास सांगण्यांत आलें होतें. १९९५ सालीं त्यानें सरकारवर फिर्याद केली. न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनीं १९९६ च्या एप्रिलांत असा निर्णय दिला कीं, संगणकाची भाषा हीहि भाषाच आहे, आणि तींत लिहिणें हें अमेरिकन घटनेनें संरक्षिलेल्या भाषणस्वातंत्र्यांत मोडतें. १९९९ च्या मे महिन्यांत अपील न्यायालयाच्या तिघां न्यायाधीशांपैकीं दोघांनीं हाच पक्ष उचलून धरला. तो निकाल फेरविचारासाठीं बाजूस ठेवला गेला. पण फेरविचार होण्याआधींच सरकारनें नियम बदलले. २००० सालीं दुसऱ्या एका अपील न्यायालयानेंहि युंगर खटल्यांत आज्ञावलीस भाषणाचें संरक्षण असल्याचें मान्य केलें.

सरकारनें मधल्या काळांत एक तडजोडहि पुढें केली होती, आणि तिची कथा या सर्व इतिहासांत अधिक बोधप्रद आहे. १६ एप्रिल १९९३ रोजीं ‘क्लिपर’ नांवाची एक विद्युत्-चकती जाहीर झाली. ती दूरध्वनींत बसवावी, संभाषण भक्कमपणें गुप्त राहील. मात्र प्रत्येक चकतीची किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी खात्यांत ठेवली जाईल, आणि कायदेशीर हुकूम असेल तेव्हांच तीं खातीं ते तुकडे पोलिसांस देतील. योजना वरवर वाजवी होती. पण तींतील गणित गुप्त ठेवलें होतें, आणि सरकारवर विश्वास ठेवा, एवढेंच त्याच्या भक्कमपणाचें प्रमाण होतें. १९९४ सालीं बेल प्रयोगशाळेंतील मॅट ब्लेझ यांनीं ती चकती तपासून पाहिली. सरकारास किल्ली ओळखतां यावी म्हणून प्रत्येक संदेशाबरोबर जी खूण जाई, तिच्या पडताळ्यास अवघे १६ द्विमान अंक होते, म्हणजे शक्यता फक्त ६५,५३६. तेव्हां खोटी खूण बनवून चकती वापरणें आणि सरकारास मात्र आंधळें ठेवणें सहज शक्य होतें. योजना पुढें मागें पडली. ऑगस्ट केर्कहॉफ यांनीं १८८३ सालींच फ्रेंच लष्करासाठीं लिहितांना सांगून ठेवलें होतें कीं, गूढलेखनाची पद्धति शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडतां कामा नये. गुपित असावें तें किल्लीपुरतें. शंभर वर्षांनंतरहि हें सूत्र विसरणारास त्याचें प्रायश्चित्त मिळालें.

दुसरी एक युक्ति होती कुलूपच कच्चें ठेवण्याची. अमेरिका व कॅनडा यांच्याबाहेर पाठवावयाच्या आज्ञावल्यांत किल्ली ४० द्विमान अंकांहून मोठी नसावी, असा निर्बंध होता; म्हणजे पुण्यामुंबईच्या ग्राहकांस परदेशच्या बाजारांतून जें कुलूप मिळावयाचें, तें जाणूनबुजून कच्चें केलेलें. १९९५ च्या ऑगस्टांत दामियँ दोलिजे या फ्रेंच संशोधकानें सुमारें १२० संगणक जुंपून आठ दिवसांत अशी एक किल्ली शोधून काढली. १९९८ च्या जुलैमध्यें ‘इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन’ या नागरिकांच्या संस्थेनें अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चांत एक यंत्र बांधून अमेरिकन सरकारचें ५६ अंकांचें प्रमाणित कुलूप ५६ तासांत उघडून दाखविलें. आणि खरा धडा तर पुढेंच मिळाला. निर्बंध उठून पंधरा वर्षें लोटलीं, तरी त्या जुन्या कच्च्या कुलुपांची सोय असंख्य संगणकांत तशीच पडून राहिली होती; २०१५ सालीं संशोधकांस असें आढळलें कीं, हल्लेखोर तिचाच फायदा घेऊन दोघांमधील चांगलें कुलूप काढावयास लावून कच्चें लावूं शकतो. परकीयांसाठीं केलेली फट स्वकीयांच्याच भिंतींत राहिली.

असो. तिन्ही दाव्यांचा निकाल योगायोगानें एकाच वर्षीं लागला. जानेवारी २००० मध्यें अमेरिकन सरकारनें निर्यातीचे निर्बंध पुष्कळसे सैल केले. आणि पेटंटाची मुदत २० सप्टेंबर २००० रोजीं संपावयाची असतां कंपनीनें दोन आठवडे आधीं, ६ सप्टेंबर रोजींच, तें गणित सर्वांस खुलें केलें. पुढें बँकेचा व्यवहार, रेल्वेचें आरक्षण, मुलाचें परदेशाहून येणारें पत्र, या सर्वांच्या मागें अशा प्रकारच्या दोन किल्ल्यांचें गणित निमूटपणें काम करूं लागलें. आणि एकेकाळीं तें जवळ बाळगणाऱ्याची शस्त्र-निर्यातीबद्दल चौकशी होत असे, ही आठवण लोकांस राहिली नाहीं.

आज्ञावलीच्या पेटंटाचा वाद मात्र तेथें संपला नाहीं. युरोपच्या संसदेनें ६ जुलै २००५ रोजीं यासंबंधींचा प्रस्ताव ६४८ विरुद्ध १४ मतांनीं फेटाळला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं ॲलिस खटल्यांत, अमूर्त कल्पना केवळ संगणकावर चढविल्यानें पेटंटयोग्य होत नाहीं, असें सांगून १९७२ च्या विचाराकडे पुष्कळसें परतणें पसंत केलें. आपल्या देशांत २००२ च्या दुरुस्तीनें गणिताच्या रीति, निव्वळ संगणक-आज्ञावल्या आणि संगणकीय कृति यांस पेटंट मिळणार नाहीं, असें कलम कायद्यांत आलें. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमानें तें पातळ करण्याचा प्रयत्न झाला, पण मार्च २००५ मध्यें संसदेनें तो भाग गाळून टाकला.

आतां कोणी म्हणेल, हें सर्व ठीक. पण चोर, दरोडेखोर आणि त्याहून भयंकर लोकहि हींच कुलुपें वापरतात, त्याचें काय? हा आक्षेप खोटा नाहीं. तपासाचा मार्ग बंद झाल्यानें एखाद्या निरपराध्याचा जीव गेला, तर त्याच्या आप्तांस गणिताचें स्वातंत्र्य सांगून समाधान होणार नाहीं. परंतु प्रश्न असा कीं, सज्जनांस बंद आणि पोलिसांस उघडें असें कुलूप घडवितां येतें काय? ग्रीसमध्यें २००४-०५ सालीं याचा अनुभव आला. दूरध्वनीच्या यंत्रणेंत कायदेशीर रीतीनें संभाषण ऐकण्यासाठीं जी सोय असते, तिचाच उपयोग करून अज्ञात इसमांनीं खुद्द पंतप्रधान कोस्तास करामनलिस यांच्यासह शंभरांहून अधिक लोकांचे दूरध्वनि महिनोन्महिने ऐकले. राखणदारासाठीं ठेवलेल्या दारांतून चोरच आंत आला. आपल्याकडेहि २०१५ च्या सप्टेंबरांत गूढलेखनाविषयींच्या सरकारी धोरणाचा एक मसुदा प्रसिद्ध झाला. नागरिकांनीं आपल्या संदेशांचा साधा मजकूर ९० दिवस जपून ठेवावा, अशी त्यांत अपेक्षा होती. लोकमत इतकें खवळलें कीं, तो लगोलग मागें घ्यावा लागला. पुढें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचें सांगितलें. पण हक्क मान्य होणें निराळें, आणि तो ज्या गणितावर प्रत्यक्षांत उभा राहतो, तें गणित निर्दोष ठेवणें निराळें.

या इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट दिसते. सरकारनें ही विद्या झांकली, तेव्हां ती दुसरीकडे उगवली. कंपनीनें ती भाड्यानें दिली, तेव्हां सतरा वर्षें ती श्रीमंतांच्या अंगणांत राहिली. आणि ज्यांनीं ती उघडी करून कोणासहि तपासूं दिली, त्यांच्या हातींच ती भक्कम झाली. १९७७ सालच्या त्या १२९ अंकी संख्येचे अवयव १९९४ सालीं सुमारें सहाशें स्वयंसेवकांनीं मिळून पाडले, तेव्हां कोणी त्यांस गुन्हेगार म्हटलें नाहीं. किल्ली किती लांब असावी, हें त्यामुळेंच जगास कळलें. दोष काढणाऱ्यास शिक्षा करून कुलूप मजबूत होत नसतें.

तिन्ही दावेदारांपैकीं पहिल्या दोघांनीं आपले दावे कायमचे सोडले आहेत, अशा भ्रमांत कोणी राहूं नये. राष्ट्राची सुरक्षितता, बालकांचें रक्षण, उद्योगाची वाढ, अशा आदरणीय नांवांखालीं ते पुन्हां पुन्हां पुढें येतात, आणि कित्येकदां तीं कारणें खरींहि असतात. अशा वेळीं सुशिक्षित नागरिकानें गणित जाणलेंच पाहिजे असें नाहीं. त्यानें दोनच प्रश्न विचारावे: हें कुलूप बाहेरच्या जाणत्या माणसांस तपासूं दिलें आहे काय? आणि दुसरी किल्ली असेल, तर ती ज्याच्या हातीं आहे, त्याच्यावर पहारा कोणाचा? या दोन प्रश्नांस सरळ उत्तर मिळत नसेल, तर तें कुलूप आपल्या घरासाठीं केलेलें नाहीं, असें खुशाल समजावें.